घराचा स्लॅब आणि गृहिणीचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या भाषणावरून)



विषयाची पाटी फळ्यावर लागली तेव्हा दोघीतिघींनी मला वाटेत थांबवून विचारले, "अहो, स्लॅबचे काम आमच्याकडे पुरुष बघतात, आम्ही येऊन काय करायचे?" त्यांना मी उलट विचारले, की घरात लग्न निघाले म्हणजे शंभर पानांना तांदूळ किती लागतील हे कोण सांगते? तेथे कुणी आचाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसत नाही. आचारी सांगतो, आपण मनात पडताळतो, आणि एक पायली जास्त मागितली की लगेच "का?" म्हणून विचारतो. स्लॅबच्या बाबतीत हा "का?" विचारला जात नाही, एवढीच माझी तक्रार आहे. आयुष्यातली सारी पुंजी, बहुधा आपल्या अंगावरचे चार दागिनेही, ज्या कामात जातात त्या कामाचा हिशेब मिस्त्रीच्या तोंडी असतो आणि आपण त्याला चहा नेऊन देतो.

माझी नोकरी बांधकामाच्या कचेरीत अंदाजपत्रके लिहिण्यात गेली. मी इंजिनीयर नव्हे, हे आधीच सांगते. सळई किती जाडीची, तुळई किती खोल, हे इंजिनीयरनेच ठरवावे. त्याच्या सहीच्या नकाशाशिवाय आणि महानगरपालिकेच्या परवानगीशिवाय कुणी घरावर स्लॅब चढवू नये. पण नकाशा हातात आल्यावर माल किती लागेल, हे काढायला चौथीचे गणित पुरते.

आपल्या राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी, उत्तन या गावांतली जुनी घरे कौलारू. कौले दोन-चार फुटली तर शाकारणीला बदलता येत. स्लॅबचे तसे नाही. तो एका दिवसात होतो आणि पुढे पन्नास वर्षे डोक्यावर राहतो. गावे नगरपरिषदेत गेली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि तेवढ्यात कौले उतरून त्या जागी स्लॅब आले. ज्या दिवशी स्लॅब पडतो त्या दिवशी नारळ फुटतो, मजुरांना गोड जेवण मिळते, आणि हिशेब मात्र कुठेच लिहिलेला नसतो.

आता उदाहरण घेऊ. वही-पेन्सिल आणली असेल तर काढा.

समजा, एक मोठी खोली आहे. आत उभे राहून फीत लावली तर साडेअठरा फूट लांब आणि साडेतेरा फूट रुंद भरते. भिंती नऊ इंची. पाच इंची स्लॅब घालायचा आहे. पुष्कळजण काय करतात, तर आतले माप घेतात. साडेअठरा गुणिले साडेतेरा म्हणजे जवळजवळ २५० चौरस फूट. पण स्लॅब हा काही खोलीच्या आत टांगलेला पाळणा नव्हे. तो भिंतींवर बसतो. डब्याचे झाकण डब्याच्या आतल्या मापाचे करून चालेल का? म्हणून दोन्ही बाजूंच्या भिंती धरून बाहेरचे माप घ्यायचे: २० फूट आणि १५ फूट, म्हणजे ३०० चौरस फूट. नुसत्या फीत लावण्याच्या जागेने ५० चौरस फुटांचा, म्हणजे आतल्या मापाच्या पाचव्या हिश्शाचा, फरक पडला. स्लॅब भिंतीबाहेर काढून पागोळीसाठी पडदी सोडायची असेल तर तेही माप यातच आले पाहिजे.

जाडी पाच इंच, म्हणजे फुटाचे पाच-बारांश. ३०० ला ५ ने गुणून १२ ने भागले की १२५ घनफूट. हा झाला नुसता सपाट स्लॅब.

त्याखाली तुळया असतात. मिस्त्री त्यांना बीम म्हणतो. त्या स्लॅबबरोबर एकाच दिवशी भरल्या जातात आणि तोंडी हिशेबात हमखास विसरल्या जातात. आपल्या खोलीला चारी बाजूंनी नऊ इंच रुंदीची तुळई आहे आणि ती स्लॅबच्या खाली दहा इंच उतरते असे धरा. स्लॅबच्या जाडीतला तुळईचा भाग आपण वर मोजलाच आहे. तो पुन्हा धरायचा नाही. एका फूट लांबीला पाऊण फूट गुणिले दहा-बारांश फूट, म्हणजे ०.६२५ घनफूट पडते. लांब बाजूच्या दोन तुळया २० फुटी, त्यांचे २५ घनफूट. आखूड बाजूच्या दोन, पण कोपरे दोनदा मोजायचे नाहीत म्हणून त्या साडेतेरा फुटीच धरायच्या. त्यांचे जवळजवळ १७. एकूण ४२. सपाट स्लॅबचे १२५ मिळवले की १६७ घनफूट.

सांडलवंड आलीच. घमेल्यातून ओघळते, सेंट्रिंगच्या फटींतून गळते, मिक्सरला चिकटून राहते. शेकडा पाच धरले की १७५ घनफूट. हा आकडा वहीत चौकटीत लिहून ठेवा.

येथपर्यंत कुणी चुकत नाही. पुढची पायरी मात्र भल्याभल्यांना दगा देते. एक वाटी शेंगदाणे आणि अर्धी वाटी रवा एका भांड्यात घालून हलवले तर दीड वाटी भरते का? भरत नाही, रवा दाण्यांच्या फटीत जाऊन बसतो. काँक्रीटचेही तसेच आहे. खडीच्या फटीत रेती बसते, रेतीच्या फटीत सिमेंट बसते, आणि पाणी घालून ठोकल्यावर सगळे आणखी दबते. म्हणून १०० घनफूट घट्ट काँक्रीट हवे असेल तर कोरा माल सुमारे १५४ घनफूट आणावा लागतो. आमच्या कचेरीत हा १.५४ चा गुणक टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलेला असे.

१७५ ला १.५४ ने गुणले की साधारण २७० घनफूट कोरा माल. आता प्रमाण. एम २० म्हणून जे काँक्रीट ओळखले जाते त्याचे ठोकळ प्रमाण एक भाग सिमेंट, दीड भाग रेती, तीन भाग खडी. एकूण साडेपाच भाग. २७० ला साडेपाचाने भागले की ४९. म्हणजे सिमेंट ४९ घनफूट, रेती त्याच्या दीडपट म्हणजे साडेत्र्याहत्तर, खडी तिप्पट म्हणजे १४७. पन्नास किलोचे सिमेंटचे पोते सव्वा घनफूट भरते. ४९ ला सव्वाने भागा: ३९ पोती आणि थोडे वर. चाळीस पोती आणायची. रेती पाऊण ब्रास, खडी दीड ब्रास. ब्रास म्हणजे १०० घनफूट. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, शेर-मण गेले, पण रेतीवाल्याचा ब्रास काही हलला नाही!

ज्यांना इतकी गणिते नकोत त्यांनी एकच लक्षात ठेवावे. या प्रमाणात एका पोत्यात सुमारे साडेचार घनफूट काँक्रीट होते. घनफुटांना साडेचाराने भागले की पोती. मात्र भागायचा आकडा तुळया आणि सांडलवंड धरून काढलेला हवा.

आता हाच हिशेब घाईने केला तर काय होते ते पाहा. आतले माप घेतले, तुळया सोडल्या, सांडलवंड धरली नाही, आणि १.५४ चा गुणक माहीतच नव्हता. १०४ घनफुटांना साडेपाचाने आणि मग सव्वाने भागले की उत्तर येते १५ पोती. एकाच खोलीला एक म्हणतो पंधरा, दुसरा म्हणतो चाळीस. पंधरा सांगणारा लबाडच असतो असे नाही. पुष्कळदा तो खरोखरच तसे समजत असतो. आणि पंधरा ऐकून आपल्याला हायसे वाटते, हाच खरा धोका आहे.

कारण माल कमी पडला तर तो कधी कमी पडतो? दुपारी तीन वाजता, पाऊण स्लॅब भरून झाल्यावर. त्या वेळी दोनच गोष्टी घडतात. एक तर उरलेले काम उद्यावर जाते. काँक्रीट तोवर आवळलेले असते. दुसऱ्या दिवशीचा माल त्याला चिकटत नाही, नुसता शेजारी बसतो. आमच्या ओळखीच्या एका घरी असे झाले. पहिल्या पावसाळ्यात स्लॅबखाली आडवी ओली रेघ उमटली, बरोबर जेथे पहिल्या दिवशीचे काम थांबले होते तेथे. थांबणे टळणारच नसेल तर कोठे थांबायचे ते इंजिनीयरला विचारावे, भिंतीजवळ किंवा आधाराजवळ थांबू नये, आणि कड फळी लावून उभी ठेवावी, उतरती सोडू नये. दुसरी गोष्ट याहून वाईट, कारण ती दिसत नाही. आहे तो माल "पुरवून घेतात". सिमेंट कमी आणि पाणी जास्त करतात, किंवा पाच इंचांचे चार इंच करतात. एक इंच जाडी कमी केली की आपल्या ३०० चौरस फुटांत २५ घनफूट, म्हणजे साडेपाच पोती वाचतात. मिस्त्रीची वाचतात, आपली नव्हे.

याची खबरदारी सोपी आहे. ढोकळा झाला की नाही हे आपण सुरी खुपसून बघतो. तशीच एका पातळ सळईवर पाच इंचांवर खूण करून, माल ओला असताना ठिकठिकाणी खुपसून पाहावी. पण त्याआधी, आदल्या संध्याकाळी, सेंट्रिंगच्या फळ्यांवर आडवी दोरी ताणून बघावी. मधे फळ्या अर्धा इंच खचलेल्या असल्या तर तेवढ्या पोकळीतच जास्तीची पोती गडप होतात आणि मग हिशेब बरोबर असूनही माल कमी पडतो.

वेळेचाही हिशेब करा. एका पोत्याच्या मिक्सरला एका खेपेला दहा मिनिटे धरली तर चाळीस खेपांना चारशे मिनिटे, म्हणजे पावणेसात तास. सकाळी आठला पहिली खेप पडली तर तीनच्या सुमारास शेवटची. मजुरांना एकदम जेवायला बसवू नये. निम्मे आधी, निम्मे नंतर.

रेती-खडीची गाडी आली की ती रिकामी होण्यापूर्वी मोजावी. हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजून गुणावी आणि शंभराने भागावे. यात लाज कसली? आपण भाजीवाल्याचा तराजू बघतोच की. ओली रेती फुगते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. थोडीशी दमट रेती कोरड्या रेतीपेक्षा शेकडा वीस-तीसनेही जास्त जागा व्यापते. काचेच्या बरणीत दमट रेती भरून खूण करा, मग पाणी ओतून ढवळा आणि बसू द्या. किती खाली गेली ते डोळ्यांना दिसेल. तेवढी रेती आपण पैसे देऊन हवाच घेतलेली असते. त्याच बरणीत वर गढूळ चिकण थर किती बसतो हेही दिसते. सिमेंटच्या पोत्यावर आठवडा आणि वर्ष छापलेले असते, ते वाचावे. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटचा जोर शेकडा वीसपर्यंत उतरतो, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर ते लवकर गठ्ठा होते.

मिक्सरपाशी मापाला घमेली वापरू देऊ नयेत. एक घमेले शिगोशीग, दुसरे सपाट, असे चालते. बारा इंच लांब, बारा इंच रुंद आणि पंधरा इंच उंच असा लाकडी फर्मा सुताराकडून करून घ्यावा. तो बरोबर सव्वा घनफुटाचा, म्हणजे एका पोत्याइतका होतो. पोत्याला दीड फर्मा रेती, तीन फर्मे खडी.

आणि आता पाणी. भगिनींनो, मला आजच्या भाषणात एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी हीच सांगितली असती. पोत्याला पंचवीस ते सत्तावीस लिटर पाणी पुरे. रेती ओली असेल तर त्याहून कमी. मजुराला सैल माल ओढायला सोपा जातो म्हणून तो नळी सोडतो. जास्तीचे पाणी पुढे वाळून उडून जाते आणि आपल्या जागी बारीक छिद्रे ठेवून जाते. दिसायला स्लॅब गुळगुळीत, आतून जाळी.

दुसऱ्या गावी हे थोडेफार खपेल. आपल्याकडे खपत नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी, आणि भाईंदरची मिठागरे तर आपल्या डोळ्यांसमोरची. ज्या हवेत मीठ पिकते त्या हवेत लोखंड किती दिवस टिकणार? खारा दमटपणा त्या छिद्रांतून सळईपर्यंत पोहोचतो. सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. तो काँक्रीटला आतून ढकलतो. प्रथम तपकिरी डाग, मग तडा, मग एके दिवशी पंख्याशेजारचा पोपडा खाली. खाडीची न धुतलेली रेती वापरली तर हे मीठ बाहेरून यायचीही गरज राहत नाही. आपणच ते विकत घेऊन आत भरतो.

हे भीती घालण्यासाठी सांगत नाही. २०२१ च्या मे महिन्यात उल्हासनगरात पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब खालच्या मजल्यांवर कोसळले आणि माणसे गेली. त्याआधी ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला बांधकाम चालू असलेली आख्खी इमारत पडून ७४ जण मरण पावले. दोन्ही ठिकाणे आपल्याच ठाणे जिल्ह्यातली.

म्हणूनच बांधकामाचे भारतीय मानक, आय. एस. ४५६, समुद्रकाठच्या उघड्या काँक्रीटला एम २० पुरेसे मानत नाही. २००० सालच्या त्याच्या आवृत्तीत अशा ठिकाणी एम ३० काँक्रीट, सिमेंटच्या वजनाच्या शेकडा ४५ पेक्षा जास्त पाणी नाही, आणि सळईभोवती ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण सांगितले आहे. मौज अशी, की सिमेंट तेथे घनमीटरला किमान ३२० किलोच मागितले आहे. आपल्या वरच्या हिशेबात ४० पोती १७५ घनफुटांना, म्हणजे जवळजवळ पाच घनमीटरला बसली. घनमीटरला ४०० किलो झाले! सिमेंट आपण कमी घालत नाही, पाणी जास्त घालतो. त्या आवरणासाठी सळयांखाली सिमेंटचे ठोकळे ठेवतात. खडीचा तुकडा सरकवून "झाले ताई" म्हणणाऱ्याला ठोकळे आणायला परत पाठवावे.

एम ३० चे प्रमाण फर्म्याने ठरत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत मिश्रण ठरवावे लागते, किंवा तयार काँक्रीट मागवावे लागते. म्हणून काहीजणी म्हणतील, मग एवढा हिशेब कशाला शिकवला? कारखान्यालाही घनमीटर आपणच सांगायचे असतात, म्हणून. घनफुटांना ३५.३ ने भागले की घनमीटर: १७५ चे पाच. पंपाच्या नळीतही थोडा माल अडकून राहतो, तेव्हा पाव-अर्धा घनमीटर जास्त सांगावा. गाडीत माल भरल्यापासून दोन तासांत तो उतरला पाहिजे. गावठाणातल्या आपल्या गल्लीत ती मोठी गाडी वळते का, विजेच्या तारा कोठे आहेत, नळी किती लांब लागेल, हे आदल्या दिवशी चालून बघावे. गाडी नाक्यावर अडकली की चालक मालात पाणी ओतायला निघतो. त्याला स्पष्ट नाही म्हणावे.

स्लॅब पडला की आपले काम संपत नाही. खरे तर तेथून पुढचे काम घरच्या बाईचेच असते. दुसऱ्या दिवशी वर सिमेंट-रेतीची आळी करून पाणी भरून ठेवायचे. आजकाल बहुधा राखमिश्रित सिमेंट मिळते. त्याला निदान दहा दिवस ओलावा हवा. टेकू काढण्याची घाई सेंट्रिंगवाल्याला असते, कारण त्याला फळ्या दुसरीकडे न्यायच्या असतात. आपल्या खोलीच्या लांब तुळया वीस फुटी आहेत. त्यांचे टेकू एकवीस दिवसांच्या आत हलवू देऊ नयेत. त्या टेकूंवर काय उभे असते, ठाऊक आहे? घनफुटाला सत्तर किलो धरले तर १६७ घनफुटांचे पावणेबारा टन. दोन-अडीच हत्ती म्हणा.

भाषणानंतर दोन प्रश्न आले, ते येथे देते. एका बाईंनी विचारले, जुन्या भिंती शाबूत आहेत, त्यांच्यावरच स्लॅब घालता येईल का? कौलांसाठी बांधलेली मातीत रचलेली भिंत हे अडीच हत्ती पेलेल की नाही, हे पाया उकरून बघितल्याशिवाय कुणीच सांगू नये. तसे नुसते बघून "चालेल" म्हणणारा मिस्त्री बदलावा.

दुसरा प्रश्न गळतीचा होता: वर विटांचा कोबा करावा का? आपल्या पावसात जरूर करावा, उतार देऊन करावा. पण सरासरी चार इंचांचा कोबा आपल्या ३०० चौरस फुटांवर १०० घनफूट होतो आणि त्याचे वजन पाच टनांच्या आसपास जाते. हजार लिटरची पाण्याची टाकी ठेवली की आणखी एक टन. म्हणून कोबा आणि टाकी दोन्ही करायच्या असतील तर नकाशा काढायच्या आधीच इंजिनीयरला सांगा, आणि टाकी कोणत्या कोपऱ्यात येणार ते त्या नकाशावर त्याच्याकडून लिहून घ्या.